खंडेनवमीच्या गडबडीत उलटी बसलेली रिंग

काकांची बुलेट माझ्याकडे आली तेव्हा ती निपाणीत वखारीच्या मागच्या अंगाला ताडपत्री पांघरून कित्येक वर्षं उभी होती. सत्तरच्या दशकातली ३५० आहे, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आजच्या पोरांच्या हातात दिली तर पहिल्याच चौकात ब्रेक समजून गिअर टाकतील. काका तंबाखूच्या धंद्यात, त्यामुळं सीटच्या फोमला अजून जर्द्याचा वास येतो, आणि तो मी मुद्दाम घालवलेला नाही.

गाडी चालू होत होती, नाही असं नाही. पण किकला दमच नव्हता. बुलेटची किक कशी पाहिजे, डिकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारी कळ) न दाबता पाय ठेवला तर माणूस त्यावर उभा राहिला पाहिजे, आणि इथं मी चहाचा कप हातात धरून किक मारू शकत होतो. वर धूर. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो की मागची माणसं रुमाल नाकाला लावायची, एकदा एका बाईंनी रिक्षातून डोकं बाहेर काढून विचारलं, "ओ दादा, डासांची फवारणी करालाय काय?" निळा धूर म्हणजे तेल जळतंय एवढं मलाही कळत होतं, प्लग काढला की डांबरात बुडवल्यासारखा निघायचा.

मी मेकॅनिक नाही. उद्यमबागेत एका फाउंड्रीत हिशेबाच्या टेबलावर बसतो, लोखंड कागदावरच बघतो. पण शहापुरात एक गॅरेजवाले मामा आहेत, सख्खे मामा नव्हे, अख्खा रस्ता त्यांना मामा म्हणतो. त्यांना म्हटलं मला स्वतःच्या हातानं करायचंय, तुमच्याकडं दर रविवारी येतो. ते म्हणाले, "ये की. हात तुझे, शिव्या माझ्या." करार झाला.

खोलायचं काम मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा सोपं निघालं, एक गोष्ट सोडली तर. आधी पान्यांचं सांगतो. जुन्या बुलेटचे बरेचसे नट इंची मापाचे असतात, रेडिचच्या इंग्रज कंपनीचं डिझाईन आणि १९५५ पासून मद्रासला जुळणी, त्यामुळं मापं तिकडचीच राहिली. आपले मिलिमीटरचे पाने त्यावर बसल्यासारखे वाटतात पण बसत नाहीत, जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छन्नी हातोडा. मामांनी पहिल्याच दिवशी माझा नवाकोरा पान्यांचा सेट बाजूला ठेवला आणि एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले त्यांचे काळे पाने काढले.

हेड निघालं, रॉकरला तेल नेणारे बाहेरचे पाईप निघाले, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सळ्या, म्हणजे पुशरॉड, काढून कुठला इनलेटचा कुठला एक्झॉस्टचा ते सुतळीनं खूण करून ठेवलं. आता सिलेंडर वर ओढायचा. बुडाचे नट सगळे काढलेले, मी लाकडी हातोडीनं हळू हळू चारी बाजूंनी ठोकतोय, सिलेंडर जागचा हलेना. गंज धरला असणार म्हणून डिझेल ओतलं, परत ठोकलं, अर्धा तास. मामा समोरच्या स्टुलावर बसून तंबाखू मळत बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "टॅपेटचं झाकण उघडून बघितलास काय?" उघडलं. आत, पुशरॉडना खालून ढकलणाऱ्या टॅपेटच्या मधोमध, एक नट. बाहेरून दिसतच नाही. तो काढला आणि सिलेंडर हातात आला. म्हटलं मामा आधी सांगायचं की ओ, तर म्हणाले आता जन्मात विसरणार नाहीस.

सिलेंडर वर घेताना क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचं, तोंड उघडं पडतं, ते लगेच फडक्यानं बंद करायचं. कोरं सुती फडकं, सुटे धागे निघतात तसलं नको. हे नाही केलं तर नंतर एक वॉशर किंवा सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) आत पडतो आणि मग खालचं अख्खं इंजिन उतरवावं लागतं. माझा सर्क्लिप उडालाच, पिस्टनची पिन काढताना टिंग करून गेला तो मागच्या भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरला लागून कुठं गेला ते आजपर्यंत सापडलेलं नाही. पण फडकं होतं म्हणून झोप लागली. तसेही जुने सर्क्लिप परत घालत नाहीत.

आता बोअर, म्हणजे सिलेंडरचं आतलं गोल भोक, किती खाल्लाय ते बघायचं. माझ्या डोक्यात होतं की यासाठी डायल गेज वगैरे लागेल. मामांनी पिस्टनभोवतीच्या खाचेत बसणारी, एका जागी तोंड उघडं असलेली जुनी वरची रिंग घेतली, सिलेंडरमध्ये वरच्या बाजूला घातली, पिस्टनच्या पाठीनं ढकलून सरळ केली आणि रिंगच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पत्र्याच्या पानांनी, मोजली. ३५ थाऊ. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, बोअरिंगवाल्यांची आणि लेथवाल्यांची भाषा तीच.) मग तीच रिंग खाली ढकलली, जिथं पिस्टनची रिंग कधी पोचतच नाही तिथं, आणि परत मोजलं. २० थाऊ. आणि म्हणाले पंधराला तीननं भाग, बोअर वर पाच थाऊ जास्त झालाय. मला आधी कळलंच नाही, मग घरी जाताना गाडीवर उजेड पडला की रिंग म्हणजे वर्तुळाचा परीघ, व्यास एकनं वाढला की परीघ साधारण ३.१४ नं वाढतो. शाळेतला पाय! दहावीत त्याच्यावर पाच मार्काचं गणित सोडवलं होतं आणि चाळीशीत पहिल्यांदा त्याचा उपयोग बघितला.

सिलेंडर आधीच एकदा २० थाऊ ओव्हरसाईज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा, झालेला होता, आता ४० थाऊ करायचा ठरला. मूळ बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ९०, म्हणजे ३४६ सीसी, ४० थाऊला तो ७१ च्या जरासा वर जातो आणि हिशेब केला तर ३५६ सीसी होतात. फुकटचे दहा सीसी, मी खूश. मामा म्हणाले त्यानं काय विमान होणार नाही.

बोअरिंग उद्यमबागेतच केलं. आमच्या गावाला लोक कुंद्यासाठी ओळखतात पण इथं फाउंड्री आणि मशीन शॉप किती आहेत ते उद्यमबागेत सकाळी आठला जाऊन बघा. ज्या शॉपमध्ये गेलो तिथले अण्णा कन्नडमध्ये बोलतात, मी मराठीत बोलतो, दोघांनाही दुसऱ्याचं कळतं आणि कुणीच भाषा बदलत नाही, आमच्याकडं निम्मे व्यवहार असेच चालतात. मी नुसता सिलेंडर घेऊन गेलो होतो. अण्णा म्हणाले, "पिस्टन यल्ली?" पिस्टन घरी. परत पाठवलं. बरोबरच होतं त्यांचं, नुसतं ४० थाऊ सांगून बोअर करत नाहीत, जो पिस्टन घालायचाय तो हातात घेऊन मोजतात आणि त्याच्यावर किती मोकळीक ठेवायची ते ठरवून मग बोअर करतात, शेवटी होनिंग, म्हणजे दगडांनी आतून बारीक घासणं. होन केलेल्या बोअरमध्ये उजेडात बघितलं तर तिरक्या रेघांची जाळी दिसते, एकमेकींना छेदणारी, चटईसारखी. ती जाळी तेल धरून ठेवते आणि नवी रिंग त्याच्यावर घासून बसते. बोअर आरशासारखा गुळगुळीत असला तर दिसायला भारी पण रिंग बसत नाही, तेल पीत राहते.

घरी आणून सिलेंडर धुतला, आणि हे मी नीट केलं हे मला छाती पुढं काढून सांगायचंय. पेट्रोलनं नव्हे, गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. होनिंगची जी बारीक पूड त्या रेघांत बसते ती पेट्रोलनं वाहून जात नाही, साबणाच्या पाण्यानंच निघते. पांढरा कपडा आतून फिरवायचा, काळा आला की परत धुवायचा. सात वेळा धुतला. मग लगेच तेलाचा हात, कारण बिडाला डोळ्यासमोर गंज चढतो, आणि आमच्याकडं तेव्हा परतीचा पाऊस चालू होता.

रिंगचा सेट कोल्हापूरहून आणला होता. तीन रिंगा, वरच्या दोन कॉम्प्रेशनच्या आणि खाली एक ऑइल रिंग, तिला मधून खाचा असतात. नवी रिंग म्हणजे थेट पिस्टनवर चढवायची असं मला वाटत होतं. तसं नाही. आधी प्रत्येक रिंग बोअरमध्ये घालून गॅप मोजायची. मामांचा हिशेब इंचाला चार थाऊ, बोअर पावणेतीन इंचाचा म्हणून अकरा, आणि एअरकूल्ड इंजिन आहे म्हणून बारा धर. माझी वरची रिंग आठच थाऊ निघाली. आठवर घातली तर काय होतं, इंजिन तापलं की रिंग वाढते, दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, आणि पुढं जायला जागा नसली की ती बोअरला कुरतडते किंवा तुटते. कमी गॅप जास्त वाईट. दोन थाऊ जास्त झाली तर फारसं बिघडत नाही.

मग कानस. लहान, बारीक दातांची कानस व्हाईसमध्ये उभी धरायची आणि रिंगचं एक टोक तिच्यावर घासायचं, कानस हलवायची नाही, रिंग हलवायची. आणि एकाच दिशेनं, बाहेरून आत. वरच्या रिंगच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा मुलामा असतो, आतून बाहेर घासलं की तो टवका उडून निघतो. चार घाव घासायचे, बोअरमध्ये घालायची, सरळ करायची, मोजायची. परत चार घाव. बाराचं पान घट्ट गेलं आणि तेराचं गेलंच नाही तिथं थांबलो. टोकाला जी बारीक धार राहते ती धार लावायच्या दगडावर अलगद मोडली. एका रिंगला पाऊण तास गेला, आणि खरं सांगू, या अख्ख्या कामात मला सगळ्यात जास्त मजा इथं आली, कारण इथं जोर लागत नाही, फक्त बसून राहायला लागतं.

इथंवर सगळं सुरळीत होतं. पण दसरा तोंडावर आलेला. आणि मी घरी सगळ्यांना सांगून बसलेलो की खंडेनवमीला बुलेटची पूजा करणार, निपाणीला काकांनाही फोन करून झाला होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी मामा बाजाराला गेलेले, गॅरेजमध्ये मी एकटा. पिस्टन गरम पाण्यात ठेवून पिन बसवली, नवे सर्क्लिप घातले, बोटानं फिरवून खाचेत बसलेत का बघितलं. रिंगा खालून वर चढवतात, आधी ऑइल रिंग, मग मधली, मग वरची. ऑइल रिंग गेली. मधली दोन्ही अंगठ्यांनी फाकवली, जरा जास्त फाकवली, आणि कट्ट. एवढाच आवाज. कास्ट आयर्न वाकत नाही, तुटतं. हातात दोन तुकडे.

साडेसहा वाजलेले. गणपत गल्लीत त्या दिवशी झेंडू, ऊस आणि माणसं यांच्यातून पाय ठेवायला जागा नाही. एका स्पेअर पार्टच्या दुकानात कुणाच्या तरी फोडलेल्या सेटमधली मधली रिंग मिळाली, ४० थाऊचीच, सुटी, पुडीत बांधून दिली. पाकीट नाही, कागद नाही. मी आनंदानं दोन पैसे जास्त दिले. गॅरेजवर येऊन गॅप बघितली, अकरा आली, वा. उलटसुलट करून बघितली, दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या, अंगभर चिकट तेल होतं, फडक्यानं पुसली आणि चढवली. वरच्या रिंगवर खूण होती, ती वर करून घातली होती. या रिंगला खूण दिसली नाही म्हणजे नसेल असं मी ठरवलं. बल्बही पिवळा होता. मामांना फोन करावा असं मनात आलं आणि आठवतंय मला, मोबाईल खिशातून काढून परत ठेवला.

मग पॅकिंग. बुडाचं पॅकिंग सेटमध्ये होतं, हेडचंही होतं, दोन्ही नवी, लावली आणि आवळलं. रात्री साडेबाराला टॅपेटचं झाकण लागलं.

खंडेनवमीला सकाळी पूजा झाली. टाकीवर हळदकुंकू, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मामांनी येऊन किकवर पाय ठेवला आणि भुवया वर केल्या, दम होता, चांगलाच दम होता. डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जागेवर आणला, दुसऱ्या किकला गाडी चालू. तो ठोका ऐकून आमच्या गल्लीतले दोघं तिघं म्हातारे बाहेर आले. धूर होता पण मामा म्हणाले जोडताना घातलेलं तेल आहे, जळू दे.

जळू दे म्हणता म्हणता ६० किलोमीटर झाले. पिरनवाडी, किणये, परत, असं दोन चार दिवस थोडं थोडं. धूर काही कमी होईना. उलट गॅस देताना जास्त. किकला दम आहे त्यामुळं रिंगांचा संशय मला येतच नव्हता, मी सगळ्यांना व्हॉल्व्ह गाईड व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती) सांगत फिरत होतो. मामांनी मागं बसून एक चक्कर मारली आणि उतरल्यावर म्हणाले, "गाईड असतं तर उतारावर गॅस सोडून परत दिलास की भपकन् आलं असतं. हे खेचताना येवालंय. खालनं तेल चढालंय." मग थोडं थांबून, "सेटमधल्याच तिन्ही घातलास न्हवं?"

तेव्हा सांगितलं.

मामा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पाने असलेला बनियन आणून माझ्यासमोर ठेवला.

दुसऱ्यांदा खोलताना टॅपेटमधला नट सगळ्यात आधी काढला. पिस्टन बाहेर आल्यावर मामांनी मधली रिंग अलगद काढली, पेट्रोलमध्ये धुतली आणि दारात उन्हात धरली. एका बाजूला, टोकाजवळ, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. खालच्या बाजूला होता. म्हणजे वर पाहिजे होता. पण मला जे बघून खरं कळलं ते दुसरंच होतं. रिंगच्या बाहेरच्या कडेला, जिथं ती बोअरला घासते, केसाएवढी एकच चकचकीत रेघ पडली होती आणि ती पूर्ण रुंदीवर नव्हती, एकाच काठाला होती. मधल्या रिंगचं बाहेरचं अंग सरळ नसतं, अगदी किंचित तिरकं असतं, डोळ्याला दिसत नाही पण खालचा काठ बोअरला टेकतो आणि वरचा सुटलेला असतो. पिस्टन खाली येताना तो काठ उलथन्यासारखा तेल खरवडून खाली नेतो, आणि वर जाताना तेलावरून घसरतो. माझी उलटी होती. त्यामुळं ती प्रत्येक फेरीला तेल खरवडून वर, थेट जळायच्या जागी, नेऊन पोचवत होती. मी तेल जाळायचा पंप तयार केला होता. आणि दम मात्र शाबूत, कारण दाब धरायचं मुख्य काम वरची रिंग करते आणि ती बरोबर होती.

नवा सेट परत कोल्हापूरहून मागवला, बसच्या ड्रायव्हरकडं पार्सल. त्याचीही एक तऱ्हा आहे, सीमेवर कुठं काही ठिणगी पडली की सगळ्यात आधी कोल्हापूर बेळगाव बस बंद होतात, आणि १ नोव्हेंबरला तर आमच्याकडं एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, त्या दिवशी रिंग सोडा खिळासुद्धा मिळायची मारामार. पार्सल दोन तारखेला आलं.

या वेळी पाकीट फोडण्याआधी मामांनी मला फरशीवर वर्तमानपत्र पसरायला लावलं. रिंगा ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं ठेवल्या, खूण वर. सगळ्यांची गॅप परत बघितली. चढवताना अंगठ्यांनी फाकवायची नाही म्हणून त्यांनी जुन्या फीलर गेजची तीन पानं दिली, ती पिस्टनभोवती उभी धरायची आणि रिंग त्यांच्यावरून घसरवत खाचेत सोडायची. ही पानं गॅरेजमध्ये पहिल्या दिवसापासून होती. रिंगांच्या गॅप एकाखाली एक येऊ द्यायच्या नाहीत, तिन्ही तीन दिशांना फिरवायच्या, आणि पिस्टनची पुढची मागची जी बाजू बोअरला दाबली जाते तिथं एकही नको.

पॅकिंगचा प्रश्न आला. एकदा आवळलेलं पॅकिंग दबून सपाट होतं, परत धरत नाही, म्हणून ६० किलोमीटर चाललेली दोन्ही पॅकिंग बाद. बुडाचं आम्ही कापलं. पॅकिंगचा शीट क्रँककेसच्या तोंडावर धरायचा आणि लहान गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत जायचं, खालच्या धातूची कडाच कागद कापते. भोकांसाठी सायकलच्या बेअरिंगचा छर्रा भोकावर ठेवून एकच टोला, गोल टिकली खाली पडते, इतकं स्वच्छ भोक कात्रीनं होत नाही. तिथं मला लाल रबरी गमचा मोह झाला होता, दोन्ही बाजूंना भरपूर लावू म्हटलं, थेंबभरसुद्धा तेल गळायला नको. मामा म्हणाले जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही निघतं, आत निघालेलं सुटून तेलात पडतं आणि पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतं. दोन्ही तोंडं ब्लेडनं खरवडून कोरडी केली आणि कागदाला फक्त ग्रीसचा हात लावला. हेडसाठी मामांनी तांब्याचं जुनं गॅसकेट काढलं, कुणाच्या तरी बुलेटचं, म्हणाले तांबं मरत नाही, फक्त कडक होतं, भाजून आण.

ते मी घरी गॅसवर भाजलं. लाईट बंद करून, कारण उजेडात रंग कळत नाही. मंद लाल झालं की पक्कडीत धरून बादलीत. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं, बाहेर काढल्यावर हातानं वाकेल इतकं. त्याच झटक्यात तेलाच्या पाईपचे तांब्याचे वॉशरही भाजून घेतले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, तिला वाटलं आतापर्यंत गॅरेजमध्ये होता ते बरं होतं.

सिलेंडर बसवायला दोन माणसं लागतात. पिस्टनच्या खाली, क्रँककेसच्या तोंडावर, दोन्ही बाजूंना लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवायच्या म्हणजे पिस्टन हलत नाही. रिंगा दाबून धरायला डब्याच्या पत्र्याची पट्टी आणि वरून पाईपचा क्लिप. बोअरमध्ये आणि पिस्टनला तेल, पण बोटभर, बादलीभर नव्हे. मी सिलेंडर धरलेला, मामा खाली. "सावकाश सोड. ठोकायचं न्हाई. अडला की थांब." पहिली रिंग गेली, दुसरी गेली, तिसऱ्याला अडलं. माझा हात आपोआप जोर लावायला गेला आणि मामांनी नुसतं वर बघितलं. परत उचलला, रिंगचं टोक खाचेबाहेर आलं होतं, नखानं आत सारलं. मग सिलेंडर स्वतःच्या वजनानं खाली आला, लोण्यात बसल्यासारखा. पट्ट्या काढल्या, फडकं काढलं, टॅपेटमधला नट घातला.

हेडचे नट आडवेतिडवे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत. मग टॅपेट. थंड इंजिनवर दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा, सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. चालू केल्यावर रॉकरच्या पाईपचा बोल्ट जरासा सैल करून तेल वरपर्यंत पोचतंय का बघितलं, पोचत होतं. दहा मिनिटं चालवून बंद, दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट परत आवळले, प्रत्येकानं जरा जरा घेतलं. आवळल्यावर टॅपेट परत बघावे लागतात, हेड खाली बसलं की तिथला हिशेब बदलतो.

पहिल्या दिवशी धूर होता. दुसऱ्या दिवशी कमी. मी दुसऱ्या गेटला मुद्दाम गाडी बंद न करता उभा राहायला लागलो, मागं वळून वळून बघायचो, मागचे लोक मला वेडा समजले असतील. दीडशे किलोमीटरनंतर धूर दिसायचा थांबला. ५०० होईपर्यंत पन्नासच्या वर नेली नाही, पण एकाच स्पीडलाही धरली नाही, कमी जास्त कमी जास्त, आणि मोठ्या चढाला खालच्या गिअरमध्ये. त्यानंतर तेल बदललं, जुन्या तेलात उन्हात धरल्यावर चांदीसारखी भुकटी दिसत होती. मामा म्हणाले ते चांगलं आहे, रिंगा बसल्या.

मग एका रविवारी सकाळी निपाणीला निघालो. काकती, वंटमुरीचा घाट, संकेश्वर, पाऊणशे किलोमीटर, घाटात मागून येणारे सगळे पुढं गेले आणि मी जाऊ दिले. काका दारातच उभे होते, आवाज वळणावरूनच ओळखला म्हणाले. चालू गाडीच्या मागं गेले, खिशातला पांढरा रुमाल काढला, घडी उलगडून सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. बराच वेळ. मग रुमाल उजेडात बघितला, राखाडी कोरडा डाग होता, तेलाचा ठिपका नव्हता. रुमालाची घडी घालून खिशात ठेवली, गाडीला एक फेरी मारली आणि टाकीकडं बोट करून म्हणाले,

"पेट्रोलचं झाकण बदललास व्हय रे? हे आपलं न्हवं."